शेवटच्या माणसाच्या मागे

लोकांचे नवरे मास्तर असतात, कारकून असतात, नाहीतर नुसतेच असतात. माझा नवरा शेपूट होता. हसू नका, तो खराखुरा पेशा आहे. पाहुण्यांना सायकलवरून डोंगर आणि तलाव हिंडवून आणायचे, हा आमच्या घरचा धंदा. या सहलीत सगळ्यांच्या पुढे जो सायकल चालवतो त्याला आम्ही मुंडकं म्हणतो आणि सगळ्यांच्या मागे जो असतो त्याला शेपूट. मधे पाहुणे. आणि सगळ्यांच्या बॅगा, ओले मोजे, सुट्या ट्यूब आणि कुरकुरी वाहणारी एक गाडी असते, ती मी चालवते.

मुंडकं व्हायला जोर लागतो, रस्ता पाठ लागतो आणि थोडी मिरवायची हौसही लागते. पूर्वी त्या जागी आम्ही कुणाला तरी ठेवायचो, मग लेक मोठी झाली आणि ती जागा तिने घेतली. शेपूट मात्र पहिल्यापासून हेच. शेपटाचं काम म्हणजे शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं. तो थांबला की थांबायचं, तो सायकल हातात धरून चालत निघाला की आपणही चालायचं, तो कठड्यावर बसून फोनवर बायकोशी भांडायला लागला तर लांब उभं राहून ढग बघायचे. काही झालं तरी त्याच्या पुढे जायचं नाही आणि काही झालं तरी ‘चला’ म्हणायचं नाही.

यांची त्यात एक युक्ती होती. चढावर शेवटच्या पाहुण्याचा दम तुटला आणि तो ओशाळून थांबला, की हे मागून ओरडायचे, “अहो, जरा थांबता का? माझी चेन पडली.” मग उकिडवं बसून धडधाकट चेनशी खुडबुड करायची, काळा हात कपाळाला पुसायचा आणि पाहुण्याचा श्वास जागेवर आला की म्हणायचं, “झालं बुवा. तुमचा उगाच खोळंबा केला.” पाहुणा मोठ्या मनाने म्हणायचा, “असू द्या हो, काका.” संध्याकाळी तोच पाहुणा माझ्याकडे येऊन हळूच सांगायचा, “काकांना एक चांगली सायकल घेऊन द्या. बिचाऱ्यांची चेन सारखी पडते.” मी म्हणायचे, “किती सांगितलं, ऐकतील तर शपथ.” इतकी निगुतीने ठेवलेली सायकल मी दुसरी पाहिलेली नाही. माझ्याकडे त्यांनी तेवढं लक्ष दिलं असतं तर मीही अजून करकरत नसते.

मुक्कामाला पोचल्यावर आमच्याकडे डोकी मोजायची पद्धत नव्हती. शेपूट आलं की सगळे आले, बस्स. आणि शेपूट आलं की आधी सायकलींच्या शेडमध्ये जाणार, सायकल पुसणार, चेनला तेल देणार, हात धुणार आणि मगच माणसांत येणार. त्यामुळे शेवटचा पाहुणा दारात दिसला की मी आत सांगून टाकायचे, वाढायला घ्या, हे शेडमध्ये आहेत.

सहलीतला मोठा दिवस खिंडीचा. सकाळी तलावाच्या काठाकाठाने रस्ता जातो, पाणी अगदी हाताशी असतं, आणि तलाव संपला की चढ सुरू होतो तो थेट खिंडीपर्यंत. मग पलीकडे उतरून मुक्काम. बाकीचे सहलवाले हा रस्ता उलटा करतात, कारण खिंडीतून उतरताना खाली तलाव दिसतो आणि पाहुणे खूश होतात. यांनी तसं कधी करू दिलं नाही. “उतारावर तलाव दिसला की माणूस ब्रेक विसरतो,” म्हणायचे. “आधी पोटभर बघून घेऊ दे, मग चढू दे.” या एका हट्टापायी आमचे किती पाहुणे दुसरीकडे गेले असतील, पण आमच्या सहलीत कधी कुणी दरीत गेलं नाही.

हे सत्तरीच्या पुढे गेले आणि चढ त्यांना जड जाऊ लागला. मला गाडीतून दिसायचं. पूर्वी शेवटच्या पाहुण्याच्या मागे राहायला त्यांना ब्रेक दाबावा लागायचा. आता पाहुणा एका वळणावर आणि हे दोन वळणं खाली असे दिसू लागले. घरी मी विषय काढला की म्हणायचे, “शेपूट मागेच असतं गं.” मी मूग गिळून गप्प बसायचे. ज्या माणसाला सकाळी उठून पायजम्याआधी सायकलची हवा बघायची सवय, त्याला सायकल सोड म्हणून कसं सांगायचं? मला तोंड आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, पण ते शब्द माझ्या तोंडातून फुटले नाहीत.

मग एका सहलीपासून चित्र बदललं. प्रत्येक सहलीत एक पाहुणा असा निघू लागला की तो यांच्याहूनही हळू. हे पुन्हा ब्रेक दाबायला लागले, पुन्हा संध्याकाळी तरतरीत होऊन शेडमधून यायचे आणि म्हणायचे, “आजचा फारच कच्चा होता. पण आणला वरपर्यंत.” मला बरं वाटायचं. म्हटलं, लोकच पूर्वीसारखे राहिले नाहीत, सगळे खुर्चीत बसून मऊ पडलेत.

ज्या सहलीची ही गोष्ट, तिच्यातला कच्चा गडी दातांचा डॉक्टर होता. माणूस हसरा, बोलायला गोड, आणि चढ लागला की तिसऱ्या वळणाला जीभ बाहेर. खिंडीच्या आदल्या दिवशी तलावाकाठच्या खानावळीत आमचा मुक्काम होता. दुपारी मी मागच्या अंगणात मोजे वाळत घालत होते. खानावळीला येणारी गल्ली भिंतीसारखी उभी आहे. तिथून हा दातवाला, आसपास कुणी नाही असं बघून, एका हाताने सायकल धरून शीळ घालत वर आला. सीटवरून उठलासुद्धा नाही. वर आला, खाली गेला आणि गंमत म्हणून पुन्हा वर आला. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या पोटऱ्या नीट बघितल्या. तसल्या पोटऱ्या दात उपटून येत नाहीत.

मी हातातला मोजा तसाच टाकला आणि लेकीला गाठलं. ती खोलीत दुसऱ्या दिवसाच्या पाण्याच्या बाटल्या भरत होती.

“हा दातवाला कोण आहे?” मी विचारलं.

“पाहुणा आहे. कोण म्हणजे?”

“माझ्यासमोर सोंग करू नकोस. मी तुझी आई आहे, गिऱ्हाईक नाही.”

तिने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, “जावयांच्या सायकल क्लबातला आहे.” नवऱ्याबद्दल माझ्याशी बोलताना ती अडचणीत आली की त्याला ‘जावई’ म्हणते. “आई, तू ओरडू नकोस. दर सहलीला त्यांच्यातला एक जण येतो. फुकट येतो, हळू चालवतो, बाबांच्या पुढे राहतो. मागच्या वर्षी खरे पाहुणे वर पोचून थंडीत बाबांची वाट बघत बसले होते, तुला माहीत नाही. एक बाई मला म्हणाली, तुमच्या काकांच्या मागे कोण असतं? मी काय सांगू तिला?”

“बापाला सांगायचं.”

“तू सांगितलंस?”

माझी बोलती बंद झाली. पण माझा राग असा की बोलती बंद झाली तरी तो उरतोच. मी म्हणाले, “तीस वर्षं ज्याने लोकांना वर आणलं, त्याला तुम्ही लहान पोराला जिंकू देतात तसं जिंकू देताय? त्यांना कळलं तर?”

“कोण सांगणार आहे?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “आणि हा माणूस बाबांवर लक्षही ठेवतो, आई. बाबांना काही झालं तर जवळ कुणी नको? मला पुढून मागचं दिसत नाही.”

तिचं खोटं नव्हतं. पोरगी बापावर जीव टाकते, ते मी जन्मापासून बघितलंय. मी एवढंच म्हटलं की ही सहल संपली की घरी गेल्यावर मी स्वतः यांना सगळं सांगणार, मग त्यांना शेपूट राहायचं की नाही ते तेच ठरवतील. तोपर्यंत गप्प बसायचं. तिने मान हलवली. रात्री जेवताना हे दातवाल्याला सांगत होते, “उद्या घाबरायचं नाही. तुम्ही कितीही वेळ घ्या, मी मागे आहे.” दातवाला खाली मान घालून म्हणाला, “हो काका.” मी सूपच्या वाडग्यात पाहत बसले, वर बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. डोंगरात असं आभाळ आलं की पाऊस पडत नाही, सांडतो, आणि बर्फाइतका गार असतो. मी गाडी घेऊन पुढे निघाले, कारण मुक्कामी खोल्या गरम करून ठेवायच्या होत्या. तलावाकाठी मी या दोघांना ओलांडलं. दातवाला पुढे रमतगमत चालला होता, हे मागे. यांनी हात वर केला. मी हॉर्न वाजवला.

पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं, पण सरळ सांगते. तलाव जिथे वळतो तिथे रस्त्याखाली झाडी आहे आणि झाडीतून पाण्याच्या कडेने एक पायवाट जाते. दातवाला तिथे उतरला. मागे वळून म्हणाला, “काका, जरा जाऊन येतो.” हे समजले की माणसाला आडोसा हवाय. शिष्टाचाराप्रमाणे थोडं लांब थांबले आणि तलावाकडे पाठ करून उभे राहिले. दातवाल्याला फोटो काढायचे होते. पायवाट पुढे चांगली दिसली म्हणून सायकल ढकलत तो काठाने गेला. वाऱ्याने त्याची पिवळी टोपी उडाली आणि पाण्यात पडली, ती त्याने सोडून दिली. पायवाट बऱ्याच पुढे जाऊन पुन्हा रस्त्याला लागते. तो वर आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि मागे-पुढे कुणी दिसत नव्हतं. त्याला वाटलं, आपल्याला वेळ लागला, काका पुढे गेले असतील. म्हातारा माणूस एकटा पावसात खिंड चढतोय या काळजीने त्याने सोंग सोडलं आणि जीव खाऊन सायकल मारली. त्यांना गाठण्यासाठी.

ही चूक बाहेरचा माणूसच करू शकतो. आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नसतं की शेपूट पुढे गेलं असेल.

मुक्कामी सगळे गारठून आले. लेक दारात उभी राहून एकेकाच्या सायकली घेत होती, मी टॉवेल वाटत होते. बऱ्याच वेळाने आत नजर गेली तर दातवाला शेकोटीपाशी बसून सूप पीत होता. शेवटचा आला, माझा जीव भांड्यात पडला. मी आत सांगितलं, वाढायला घ्या, हे शेडमध्ये आहेत. आणि लोकांचे ओले कपडे गोळा करत बसले. एकाने साबण मागितला, एकीचा गुडघा सुजला होता. कितीतरी वेळ असा गेला. आमच्या घरात शेपटाला उशीर झाला म्हणून कुणी कधी घाबरलेलं नाही, कारण उशीर करणं हेच त्याचं काम.

शेवटी मी कोरडा टॉवेल घेऊन शेडमध्ये गेले, दोन शब्द सुनवावेत म्हणून. शेडमध्ये सगळ्यांच्या सायकली होत्या. यांची नव्हती.

मी धावत आत आले. “हे कुठे आहेत?”

दातवाल्याच्या हातातला वाडगा खाली आला. “म्हणजे? काका आले नाहीत? ते माझ्या पुढे होते ना?”

त्याला मारायला माझा हात उठला होता, पण तेवढा वेळ नव्हता. मी आणि लेक गाडीत बसलो. खिंडीच्या अलीकडे-पलीकडे फोन लागत नाही. वरून पाण्यात मिसळलेला बर्फ काचेवर आदळत होता. लेक प्रत्येक वळणावर खिडकीतून डोकं काढून “बाबा, बाबा” ओरडत होती. मी तिला गप्प बस म्हणाले आणि लगेच स्वतःच ओरडायला लागले. चढाचा सगळा रस्ता उतरलो, हे कुठेच नव्हते. तलाव लागला तेव्हा अंधारून आलं होतं. झाडीपाशी कठड्याला टेकून त्यांची सायकल उभी होती, सीटवर पावसासाठी पिशवी बांधलेली.

आम्ही झाडीतून खाली पळालो. हे तलावात होते. छातीभर पाण्यात, एका हाताने लव्हाळ्याची जुडी पकडलेली आणि दुसऱ्या हाताने सायकलच्या पंपाने पाणी ढवळत होते. दातवाल्याला हाका मारून मारून आवाज गेला होता, नुसता वारा यावा तसं काहीतरी तोंडातून येत होतं. आम्हाला बघून म्हणाले, “पुढे येऊ नका, गाळ आहे. तो इथेच गेलाय. ही बघ टोपी.” त्यांनी ती पिवळी टोपी स्वतःच्या डोक्यात घातली होती, हरवू नये म्हणून.

“अहो,” मी म्हणाले, “तो मुक्कामाला आहे. सूप पितोय.”

“कोण?”

“दातवाला. बरा आहे तो. काही झालेलं नाही त्याला.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. “आहे ना? खरंच आहे?” म्हणाले आणि रडायला लागले. रडत रडत हसत होते. “अगं, मला वाटलं, त्याच्या बायकोला काय सांगू?” लेकीने आणि मी त्यांना काखेत धरून ओढून काढलं. पाय त्यांचे राहिलेच नव्हते.

गाडीत त्यांना अजून न उतरवलेल्या बॅगांच्या मधे निजवलं, पाहुण्यांचे कोरडे कपडे काढून अंगावर घातले. लेक त्यांचे तळवे चोळत होती, मी गाडी हाकत होते. बराच वेळ त्यांचे दात वाजत होते. मग अंगात ऊब आली, आणि उबेबरोबर विचारही आला. मला आरशातून दिसलं.

“तो माझ्या पुढे कसा गेला?” त्यांनी विचारलं.

“खालची पायवाट पुढे रस्त्याला लागते, बाबा,” लेक म्हणाली.

“हो, ते लक्षात नाही आलं माझ्या. कधी पोचला?”

मी म्हटलं, “झाला बराच वेळ. तुम्ही झोपा जरा.”

“बराच वेळ?” ते म्हणाले. “खिंड चढून? या पावसात?” मग स्वतःशीच बोलल्यासारखे, “काल त्याची चेन दोनदा पडली. मला बरंच वाटलं. तेवढाच मला दम खायला मिळाला.”

एवढं बोलून ते थांबले. ज्या माणसाने आयुष्यभर चेन पडल्याचं नाटक केलं, त्याला आणखी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लेकीचे हात त्यांच्या पायांवर तसेच राहिले.

“मागच्या सहलीतला तो गाणारा?” त्यांनी विचारलं.

“तोही, बाबा.”

“त्याच्या आधीचा तो वकील?”

लेकीच्या हुंदक्याशिवाय उत्तर आलं नाही. मला वाटलं होतं ते चिडतील. मला हवंच होतं की चिडावेत, माझ्यासारखं भांडावं, लेकीला दोन सुनवाव्यात. पण त्यांनी हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला आणि परक्या पाहुण्याशी बोलावं तसं गोड आवाजात म्हणाले, “तुझी फार धावपळ झाली असेल गं. दर वेळी माणूस शोधायचा म्हणजे.”

छातीत पाणी झालं. हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं. दातवाला भेटायला आला, पायाशी उभा राहून पोरासारखा रडला. हे त्याला म्हणाले, “तुमचं काही चुकलं नाही. हळू चालवणं फार अवघड असतं.” मी बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले. मला त्या माणसाला शिव्या घालायच्या होत्या आणि तो शिव्या घालण्यासारखा नव्हता, याचाच मला जास्त राग आला.

हे बरे झाले. डॉक्टरांनी सांगितलं, सावकाश सायकल चालवायला हरकत नाही. यांनी चालवली नाही. सकाळी सायकलची हवा बघायचं बंद झालं. लेकीशी पूर्वीसारखंच बोलायचे, तिने काही केलं की “वा, छान” म्हणायचे. जेवण कसं झालंय विचारलं तरी तेच, “वा, छान.” एकदा मी मुद्दाम मीठ घातलं नाही. तरीही छान. संसारात कधी नव्हे ती मी त्या दिवशी ताटासमोर रडले. ते गोंधळून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

लेकीने क्लबातल्या लोकांना बोलावणं त्याच दिवशी बंद केलं होतं. तिने बापाला दहादा सांगितलं, माफी मागितली. ते दर वेळी म्हणाले, “अगं, चांगल्यासाठीच केलंस.” नव्या मोसमात तिने दुसरं शेपूट ठेवलं नाही. त्या जागी दुसऱ्या कुणाला बघणं तिला जमेना, मलाही. सगळ्यांच्या मागे माझी गाडी राहू लागली आणि गाडीत माझ्या शेजारी हे. यांना न विचारता मी त्यांची सायकल प्रत्येक वेळी गाडीच्या मागे बांधत होते. त्यांनी ती कधी पाहिली नसेल असं नाही.

पहिल्याच सहलीत एक औषधांचा दुकानदार आला. गोल गरगरीत, पन्नाशीचा, डॉक्टरने वजन कमी कर म्हटलं म्हणून आलेला. तलावापर्यंत कसाबसा आला आणि चढ लागला तसा त्याचा फज्जा उडाला. बाकीचे कधीच दिसेनासे झाले होते. त्याच्या मागे माझी गाडी पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत होती. एका वळणावर तो थांबला, सायकल कठड्यावर टाकली आणि माझ्या खिडकीशी आला. तोंड लालभडक झालं होतं, गुडघे थरथरत होते.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्ही पुढे जा हो. गाडी मागे लागली की मला कत्तलखान्यात चालवल्यासारखं वाटतं. मला लाज वाटते.”

असा माणूस कितीतरी दिवसांनी आला होता. खरा, शंभर टक्के खरा. मी यांच्याकडे वळले. “अहो, जा ना. त्यांच्या मागे जा. सायकल मागे बांधली आहे. त्यांना तुमची गरज आहे.”

ते माझ्याकडे बघून हळूच हसले आणि दार उघडून उतरले. ते दुकानदाराच्या सायकलपाशी गेले, ती उचलून उभी केली, सीटकडे बघितलं आणि खिशातल्या पान्याने सीट बोटभर वर केली. आता गुडघ्यांना त्रास होणार नाही म्हणाले. मग गाडीच्या मागे गेले. मला आरशात त्यांची पाठ दिसत होती. स्वतःची सायकल बांधलेल्या पट्ट्यावर त्यांनी हात ठेवला, तो ताणून पाहिला, नीट घट्ट केला आणि परत आले.

“तुम्ही आपल्या वेगाने जा,” ते दुकानदाराला म्हणाले. “माझ्यासाठी हळू चालवू नका.”

दुकानदाराला काहीच कळलं नाही. “काका, हाच माझा वेग आहे हो,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

“हो, हो,” हे म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, गाडीत येऊन बसले आणि दार लावून घेतलं.

माझा तोल गेला. मी स्टिअरिंगवर हात आपटला. “अहो, हा खरा आहे! त्याचे पाय बघा, त्याचं तोंड बघा. कुणी पाठवलेला नाही तो. माझी शपथ. लेकीची शपथ. हा माणूस खरंच हळू आहे!”

त्यांनी काचेतून त्याच्याकडे पाहिलं, मन लावून, कौतुकाने.

“चांगलं करतो,” ते म्हणाले. “दातवाल्यापेक्षा चांगलं करतो.”

मी गाडी गिअरमध्ये टाकली. दुकानदार सायकल हातात धरून आमच्या पुढे चालू लागला होता.